करटोलीची सोयरीक

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
नेरुळला, सेक्टर सोळात, वाचनालयाच्या मागे
आम्ही चादर अंथरतो.
लग्नपत्रिकांची पाकिटं, गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या,
वीजबिलाच्या पुड्या.
मूठभर आणायचं, चिमूटभर न्यायचं,
एवढाच नियम, आणि तोही तुंगेकर मोडतात.
त्यांच्या पुडीवर लिहिलेलं असतं:
‘अबई. शेंग कोवळीच खा.
चढायला काहीतरी द्या,
नाहीतर शेजाऱ्याच्या एसीवर चढेल.’

रजनी पोतनीस सापसंदाचं रोप आणतात
कडेवर, पोर आणावं तसं.
त्यांना फुलं नको असतात, अळ्या हव्या असतात.
पान कुरतडलेलं दिसलं
की पहिला नंबर आलेल्या नातवासारखं
सगळ्यांना दाखवत फिरतात.

मी तिथूनच करटोलीच्या बिया आणल्या,
काळ्या, खडबडीत, सहा.
उगवली एक.
तीन पावसाळे तिनं बाल्कनीची जाळी
हिरवी करून सोडली.
दिवेलागणीला फुलायची,
सकाळी फरशीवर पिवळा सडा.
करटोलं मात्र एक नाही.
शेणखत घातलं, राख घातली, आंबट ताक घातलं,
मग दोन शब्द सुनावलेही.
कंपनीत अठ्ठावीस वर्षं
सांडपाण्याचे नमुने तपासले मी,
भिंग घरात आहे,
पण फुलाच्या खाली वाकून बघायचं सुचलं नाही.

हिराबाई मढवींनी फोटो हात लांब करून पाहिला
आणि चादरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,
‘यो नर हाय रं. नवऱ्याला कदी पोर झालाय?’
तीन वर्षं मी त्याला ‘ती’ म्हणत होतो.

त्यांच्याकडे, ऐरोलीच्या दिवा गावात,
मोरीमागे मादी होती. तीही वांझोटीच राहिलेली.
आधी पतंग यायचे म्हणे रात्रीचे,
हातभर लांब सोंड काढून.
आता रस्त्याला पांढरे दिवे लागले,
पतंग खांबालाच फेऱ्या घालतात
आणि पहाटे तिथेच पडतात.

तेव्हा मध्यस्थी माझ्याकडे आली.
फुलायच्या बेतातल्या सात कळ्या,
ओला रुमाल, जेवणाचा डबा,
सव्वासहाची बस.
शेजारच्यानं विचारलं, ‘मोदक काय?’
म्हटलं, ‘नवरदेव.’
तो जरा खिडकीकडे सरकला.
रबाळ्याच्या सिग्नलला झाकण उचलून पाहिलं:
दोन उमलले होते, बाकीचे तयारीत.

हिराबाईंनी बॅटरी दातांत धरली.
मादीच्या फुलाखाली
इवलंसं काटेरी पोट असतं, ते दाखवलं बोटानं.
मी पाकळ्या मागे मुडपल्या,
टेकवलं, मोजलं, पुढच्याकडे गेलो.
दोघांचेही हात थरथरत होते, वयानं.
सून घरातून तांदळाचे चार दाणे घेऊन आली
आणि हसू दाबत आमच्या डोक्यावर टाकले.

पाच धरली.
दोन कुजली.
तिघांवरून भांडण:
मला बी हवं होतं, त्यांना जवळ्यात भाजी.
दोन त्यांनी चिरली, मला वाढली,
मी चाटूनपुसून खाल्ली, खोटं कशाला बोलू.
उरलेलं एक
वेलीवरच केशरी झालं, उललं,
आत लाल गर, गरात चौदा बिया.

या रविवारी माझी पुडी चादरीवर होती.
लिहिलं होतं:
‘नर की मादी, सांगता येत नाही.
दोघांनाही जागा द्या.
फुलं आली की आधी कळवा,
डबा माझ्याकडे आहे.’

तुंगेकरांनी चिमूट घेतली.
मग इकडेतिकडे पाहून
अजून एक.